चार नॅनोमीटरचा घाट

सोमवार, २४ मार्च

यात्रा कमिटीची बैठक झाली. मला घड्याळावरून काढायचं ठरलं आहे. तसं कोणी बोललं नाही. रामदास कमिटीचा अध्यक्ष, तो फार गोड बोलला. बहिरूनानांनी सत्तावीस वर्षं निशाणाजवळ बसून गाड्यांचे सेकंद घेतले, यंदा शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार करू, असं म्हणाला. मी सातवीतून शाळा सोडून मेंढरांमागे गेलो, पण शाल-नारळाचा अर्थ कळायला सातवी पुरते.

आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, बैलगाडे एकेक सुटतात. खाली झेंडा पडला की घड्याळ चालू करायचं, वर बैलांनी निशाण ओलांडलं की बंद करायचं. ज्याचे सेकंद कमी तो घाटाचा राजा. गावात मला मान आहे तो या एका कामाचा. बाकी माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? गुडघे आहेत, ते रोज सांगतात.

आता माझ्या जागी मोबाइल बसणार. खाली झेंड्याच्या दांडीला एक बटण, त्याचा इशारा वरच्या फोनला बिनतारी जाणार. फोन कॅमेऱ्यातून निशाणावर नजर ठेवणार आणि कोणी रेघ ओलांडली की सेकंद थांबवणार. पण फोन कोणाचा? रामदास म्हणतो माझा. गेणभाऊ म्हणतो माझा. गेणभाऊचा गाडा दरवर्षी पहिल्या पाचात असतो, त्यामुळे त्याला स्वतःचं मत आहे. शेवटी दोन्ही फोन तपासून बघायचं ठरलं. तपासणार माझी सून अश्विनी, ती अवसरीला कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. आणि साक्षीला घड्याळातला जाणकार म्हणून मी. म्हणजे बोकडालाच सुरीची धार बघायला बसवलं.

रात्री जेवण गेलं नाही. तानूबाई म्हणाली, भाकरी नव्हे, भीती अडकली आहे. ही बायको चाळीस वर्षांत एकदा तरी चुकायला हवी होती.

बुधवार, २६ मार्च

अश्विनीने समजावलं. फोनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. खरी शर्यत फोनांची नाही, या मेंदूंची आहे. एका मेंदूत आठ कोअर असतात. दोन-तीन दांडगे, ते जड काम ओढतात, बाकीचे बारके किरकोळ कामं करतात. आमच्या कमिटीतही आठच जण आहेत. दांडगे कोण यावर नऊ वर्षं एकमत झालेलं नाही.

दोन्ही मेंदूंची नावं मला पाठ झाली नाहीत. इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे, एसटीच्या पाटीसारखी. मी एकाला रामदासचा म्हणतो, दुसऱ्याला गेणभाऊचा.

रामदासचा मेंदू चार नॅनोमीटरचा आहे. गेणभाऊचा सहा. हे पारावर कळल्यावर गेणभाऊने मिशीला पीळ दिला. "चारापरीस सहा मोठं, का तुमच्यात न्हाई?" अश्विनीने सांगितलं की यात आकडा जेवढा बारीक तेवढं चांगलं. गेणभाऊने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने बाजारात उलटा तराजू धरला आहे. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले, चारवाले आणि सहावाले. नॅनोमीटर म्हणजे काय हे दोन्ही तटांना माहीत नाही, त्यामुळे भांडण बरोबरीचं झालं.

शनिवार, २९ मार्च

आज देवळाच्या सभामंडपात गुणांची परीक्षा झाली. फोनला भराभर गणितं, चित्रं, खेळ असं सगळं करायला लावणारं एक ॲप असतं, ते शेवटी गुण देतं. रामदासच्या फोनला साडेनऊ लाख. गेणभाऊच्या फोनला सव्वाचार लाख. रामदासने पेढे वाटले. त्याचा मुलगा दहावी सुटला तेव्हा साधी साखरही वाटली नव्हती.

अश्विनीने म्हटलं की ही सावलीतली, दोन मिनिटांची परीक्षा आहे. घाटात दिवसभर उन्हात उभं राहायचंय, तिथे बघू. पेढा तोंडात असलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

बुधवार, २ एप्रिल

घाटात फोनांना मोटरसायकल दाखवली. शेजारचा जानकू खालून चढणीने गाडी आणायचा, झेंडा रामदासचा माणूस पाडायचा. दोन्ही फोन स्टँडवर शेजारी शेजारी, आणि मी माझं घड्याळ घेऊन. रामदासचा फोन म्हणाला नऊ सेकंद बेचाळीस. गेणभाऊचा म्हणाला नऊ पंचेचाळीस. माझ्या घड्याळात नऊ दहा.

आठ वेळा केलं. आठही वेळा दोन्ही फोन माझ्यापेक्षा पाव-अर्धा सेकंद जास्त. मी सरळ सांगितलं की दोन्ही मेंदू आळशी आहेत. साडेनऊ लाख गुण घेऊन मोटरसायकल वेळेवर दिसत नसेल तर गुण काय चुलीत घालायचे?

अश्विनीने माझे आकडे वेगळ्या रकान्यात लिहिले. मग हळूच म्हणाली, "मामा, घड्याळाचा सेल जुना झाला असंल." मलाही ते पटलं. घड्याळही माझ्याच वयाचं आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

मंचरला जाऊन सेल बदलून आणला. बाजाराचा दिवस, कांद्याच्या गाड्यांमुळे हायवेवर अर्धा तास बस जागची हलली नाही. घड्याळवाला म्हणाला, बाबा, सेल चांगलाच होता. मी म्हटलं, तरी बदल.

घरी येऊन मोबाइलच्या वेळेशी तासभर ताडून पाहिलं. तासाला केसाचाही फरक नाही. म्हणजे घड्याळ निर्दोष ठरलं. दोष राहिला फोनांचा. दोघांनी संगनमत केलेलं दिसतं. एकमेकांचे वैरी असून एकच खोटं बोलतात, ही गोष्ट मला फार संशयास्पद वाटते.

तानूबाई हल्ली चहा अर्धाच कप देते. दूध महाग झालं म्हणून माझ्यावर काटकसर. स्वतः मात्र भरून घेते.

मंगळवार, ८ एप्रिल

दुपारी बारा ते तीन, भर उन्हात परीक्षा. दोन्ही मेंदूंना एकसारखं काम, थांबायचं नाही. पहिली वीस मिनिटं रामदासचा फोन वाऱ्यासारखा. मग तापला. हात लावला तर तव्यासारखा. अश्विनीने सांगितलं, जास्त तापला की मेंदू स्वतःला जपायला वेग कमी करतो. साडेनऊ लाखांचे साडेतीन झाले. सेकंदाला साठ वेळा निशाणाकडे बघणारा आता दोन-तीन वेळा बघत होता, मधल्या वेळात डुलकी. गेणभाऊचा फोन सव्वाचार लाखांवर सुरू झाला आणि तीन वाजता चारवर होता. ना उडी, ना पडणं.

ही गोष्ट मला लगेच कळली. काही बैल पहिल्या बारीला, म्हणजे पहिल्या धावेला, जीव टाकतात आणि दुसऱ्या बारीला बसतात. अश्विनीने दोन पानी अहवाल लिहिला, गेणभाऊचा मेंदू घ्यावा म्हणून.

गुरुवार, १० एप्रिल

कमिटीने अहवालाचं पहिलं पान वाचलं. त्यावर गुण होते. रामदासचा फोन पाच विरुद्ध तीन मतांनी निवडून आला. तापण्यावर उपाय निघाला की फोनवर ओल्या गोणपाटाची सावली धरायची. गेणभाऊचा फोन अश्विनीने मागून घेतला, शेजारी ठेवून नुसतं चित्रीकरण करते म्हणाली. हरलेल्याला काहीतरी काम द्यावं, तेवढाच मान, असं रामदास म्हणाला. मलाही त्यांनी निशाणाजवळची खुर्ची ठेवली आहे. कारण तेच असावं.

शनिवार, १२ एप्रिल

प्रयागबाई आली होती. डोंगराकडची बाई, नवरा गेल्यावर बैल विकायला सांगणाऱ्यांना तिने बैल दाखवून हाकललं. गेली चार वर्षं तिचा गाडा आमच्या घाटात दुसरा-तिसरा येतो. यंदा फोन बसणार हे खरं का, विचारत होती. खरं आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही. मी विचारलं, माझ्या घड्याळावर तुझा राग का?

"राग न्हाई नाना. तुमचा अंगठा कुनाची बाजू घेत न्हाई. त्यो फकस्त उशिरा उठतो."

बैल हरले की लोक अंगठ्याला धरतात. तानूबाईने तिला चहा दिला. भरून दिला.

गुरुवार, १७ एप्रिल

सराव. तीन गाडे सोडून पाहिले. रामदासच्या फोनने बिनचूक सेकंद दिले, गोणपाटाखाली थंड होता. गाड्यापुढे पळायला घोडी लागते, तिच्यामागे बैल जीव खाऊन पळतात. पण घोडीवाले बाहेरगावचे, ते यात्रेच्याच दिवशी येतात. सराव घोडीशिवाय झाला. सगळे खूश.

माझे आकडे परत कमी आले. अश्विनी म्हणाली, मामा, डाव्या हाताने दाबून बघता का? मी म्हटलं, सत्तावीस वर्षं उजव्याने केलं, आता सून हात शिकवणार का? तिने माझे आकडे रकान्यात लिहिले. पोरगी चांगली आहे, पण शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत ढवळायची सवय असते.

रविवार, २० एप्रिल

यात्रा झाली. हात दुखतोय, तरी आजचं आजच लिहितो. उद्या मी हे वेगळं लिहीन अशी मला भीती आहे.

सकाळी आठला शाल-नारळ. मग मला खुर्चीवर बसवलं, शालीसकट. ऊन चढत होतं, पण शाल काढली तर अपमान. मी सवयीने माझं घड्याळ आणि वही घेऊन सेकंद लिहू लागलो.

सकाळच्या बाऱ्यांनी घाट पेटला. रामदासचा फोन एकाहून एक कमी सेकंद देत होता, माझ्याही पुढे जाऊन. मला वाटलं, आळशी मेंदूने आळस झटकला. रामदासचाही गाडा पळतो, त्याला फोनने अकरा अठ्ठावन्न दिले, माझ्याकडे अकरा पंच्याऐंशी. भंडारा उधळला, स्पीकरवाल्याचा घसा बसला. सेकंद सगळ्यांचेच चांगले येत होते, त्यामुळे ते खरे आहेत का हे कोणी विचारलं नाही.

बारानंतर फोन बिघडला. गोणपाट ओलं होतं, पण ऊन त्याहून खरं होतं. काहींना चांगले सेकंद, काहींना वाईट, काही मेळ नाही. चारला गेणभाऊचा गाडा आला. डोळ्यांना दिसत होतं की अव्वल बारी झाली. फोन म्हणाला बारा चार.

गेणभाऊची माणसं मंडपात शिरली. रामदास म्हणाला, हे विज्ञान आहे, यात भांडता येत नाही. गेणभाऊ म्हणाला, "तुजं इज्ञान सकाळी येक आन दुपारी येक बोलतंय व्हय? नानांची वही काढ."

मग सगळेच म्हणू लागले, नानांची वही काढा. चार वाजेपर्यंत मी शालीतला म्हातारा होतो, सव्वाचारला देव झालो. वहीत गेणभाऊ पहिला, अकरा बावन्न. प्रयागबाई दुसरी, अकरा साठ. रामदास कुठेच नाही. पण सहावाले ओरडत होते, आणि चारवाल्यांतलेही निम्मे त्यांच्यात गेले होते, दुपारी ज्यांचे गाडे पळाले ते. रामदासला माणसं मोजता येतात. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नाना, वही जाहीर करा. पुढच्या साली घड्याळ तुमच्याकडंच, आपला शब्द."

खोटं कशाला लिहू, मला आभाळाला हात लागल्यासारखं झालं. माईकवर जायच्या आधी पाणी प्यायला देवळामागे गेलो. तिथे अश्विनी गेणभाऊचा फोन घेऊन बसली होती. दिवसभराचं चित्रीकरण. तो फोन शेवटपर्यंत तापला नव्हता. कोपऱ्यात सेकंद पळत होते, झेंड्याच्या बटणापासूनचे.

तिने सकाळची बारी थोडी थोडी पुढे सरकवून दाखवली. निशाणावर पहिली कोण येते? घोडी. रामदासच्या हुशार मेंदूने दर बारीला घोडी मोजली होती. बैल अर्धा सेकंद मागून येत होते. दुपारी तापून डुलक्या घ्यायला लागल्यावर घोडी त्याच्या नजरेतून निसटायची आणि बैल सापडायचे. म्हणजे झोपेत होता तेव्हाच तो खरं बोलला. मी पोट धरून हसलो.

अश्विनी हसली नाही. फोनही खाली ठेवला नाही. मी म्हटलं, गेणभाऊची बारी दाखव.

बैलांचे खूर रेघेवर. कोपऱ्यात बारा चार. माझ्या वहीत अकरा बावन्न. मी म्हटलं, परत दाखव. तिने परत दाखवलं. मग मी प्रयागबाईची मागितली. दुपारी एकची बारी. अकरा त्र्याण्णव. दिवसभरात याहून कमी कोणाचे नव्हते, अश्विनीने सगळ्या बाऱ्या आधीच मोजून ठेवल्या होत्या.

मी विचारलं, माझं चुकतं कुठे?

"बैल येताना दिसत्यात, म्हणून वर तुम्ही बरोबर थांबवता, मामा. खाली झेंडा पडतो तेव्हा तुमचं घड्याळ उशिरा चालू होतं. सकाळी पाव सेकंद, आत्ता अर्धा."

"कवापासनं?"

"मोटरसायकलच्या दिवसापासून मला माहीत आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सेल बदलायला गेलात."

स्पीकरवर माझं नाव पुकारत होते. अश्विनीने मला काय करा ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिच्यावर रागावून उलट केलं असतं, आणि बरं झालं असतं.

माईक हातात घेतला तेव्हा तो दाताला लागला. मी म्हणालो, "वही खरी न्हाई. झेंडा पडल्यावर माजा अंगठा उशिरा चालतो. दिवस चढंल तसा जास्त. आन ह्यो फोन सकाळधरनं घोडी मोजतोय. आमी दोघंबी बाद. पयला गाडा प्रयागबाईचा."

 मग रामदास आणि गेणभाऊ दोघांनी डोक्याला डोकं लावून चित्रीकरण पाहिलं. तीनदा. आयुष्यात पहिल्यांदा दोघे एका बाजूला बसले. गेणभाऊ उठला, माझ्यासमोर आला. वाटलं, हात उगारतो. पण एवढंच म्हणाला, "जिकल्यालं व्हतं राव, नाना."

प्रयागबाईने बक्षीस घेतलं. स्पीकरवाल्याला म्हणाली, सेकंद परत वाच. त्याने वाचले. म्हणाली, आणखी येकदा.

सोमवार, २१ एप्रिल

झोप नाही. जुन्या वह्या काढून बसलो. सत्तावीस यात्रा, सत्तावीस राजे. यातले किती बैलांचे आणि किती माझ्या अंगठ्याचे? अश्विनीला विचारलं, मागचं काढता येतं का? ती म्हणाली, नाही, चित्रीकरण नाही. कोणाकोणाच्या दारात जाऊन काय सांगू? निम्मे राजे वारले, बैल तर सगळेच. तानूबाईने वह्या ओढून पेटीत टाकल्या आणि पेटीवर बसली. ती चहा अर्धाच कप का देते, तेही आता कळलं. अंगठा मोजायला पुण्याच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं आहे, माझ्याशिवाय सगळ्यांचं.

मंगळवार, २२ एप्रिल

कमिटीची बैठक झाली. मला निरोप नव्हता. निशाणाजवळची खुर्ची रद्द केली, असं जानकूने येऊन सांगितलं. शाल परत मागितलेली नाही.

फोनचाही विचार झाला म्हणे. एवढी फजिती का झाली, याची चौकशी रामदासने केली आणि कारण शोधून काढलं. मेंदू दुपारी दमला. म्हणून पुढच्या वर्षी तीन नॅनोमीटरचा, कधीच न तापणारा घ्यायचा, वर छोटा पंखा. गेणभाऊनेही पाठिंबा दिला. ठराव एकमताने मंजूर. गावात असं नऊ वर्षांनी घडलं.

म्हणजे पुढच्या वर्षी घोडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजली जाणार.

अश्विनीला सांगितलं तर ती म्हणाली, फोनला आधी घोडी आणि बैल यातला फरक शिकवावा लागेल, वेगाचं नंतर. मी जाऊन सांगू का, असं विचारलं तिने. नको म्हटलं. तुला नोकरी आहे. उद्या सकाळी मीच जातो रामदासकडे. तो ऐकणार नाही. परवा पुन्हा जाईन. पुढच्या यात्रेला वर्ष आहे, आणि मी आता रिकामाच आहे.